गोळ्याच्या जागी वाटी

११ फेब्रुवारी

प्रिय चष्म्या,

टप्प्. नाही, असा नाही. आधी नुसता ‘ट’, मग श्वासाएवढी जागा, आणि मग कुठेतरी लांब ‘प्प’. आठवतो का तो आवाज? आपण आठवीत होतो. शाळेच्या सभागृहाचं दार आतून बंद होतं आणि आत कुणीतरी बॅडमिंटन खेळत होतं. आपण दोघं दाराला कान लावून उभे. आत कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दार उघडलं तेव्हा ते मागच्या बाजूने निघून गेले होते आणि जमिनीवर शटलच्या फुलाचं एक पांढरं पीस पडलं होतं. त्या पिसाने आपल्या दोघांची पुढची सगळी वर्षं खाल्ली.

आज पहाटे तोच आवाज आला म्हणून धडपडत उठलो, तर न्हाणीघरातला नळ ठिबकत होता.

तर मी जिवंत आहे. अक्षर वाकडं दिसेल, कारण उजवा हात झोळीत आहे आणि नुसता पंजा तेवढा बाहेर. कोंबडीच्या पिलासारखा. झोपायचं ते खुर्चीत, अर्धवट बसून. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. माणसाच्या खांद्यात हाताकडे गोळा असतो आणि अंगाकडे वाटी. माझ्यात त्यांनी उलटं बसवलंय. गोळ्याच्या जागी वाटी, वाटीच्या जागी गोळा. आतले स्नायू पार झिजले की असंच करतात म्हणे. इतकी वर्षं मागून स्मॅश मी मारायचो आणि पुढे जाळीपाशी उभं राहून शाबासकी तू घ्यायचास, त्याचा हा हिशेब.

चिरंजीवांनी ‘थोडे दिवस’ म्हणून इथे आणलं. त्यांची नोकरी तुला ठाऊक आहे, कारखान्यांत जाऊन धोके शोधायचे. आता घरातच एक धोका येऊन राहिलाय म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचत नाही. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर पिवळी पट्टी, न्हाणीघरात तीन दांडे, गालिचे गुंडाळून माळ्यावर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे नळ दिसतात आणि त्यांच्यावर थोडंसं आकाश. दोन ओळी सुचल्या:

वीतभर माझे आभाळ, हातभर माझी भिंत;
त्यातही कुणी विचारी, ‘बाबा, कसली खंत?’

हसू नकोस. हॉलमधल्या खुंटीवरून माझी रॅकेट काढू देऊ नकोस.

तुझा,
मास्तर

१९ फेब्रुवारी

मास्तर,

पत्र पोचलं. कविता दुकानात मोठ्याने वाचली. एक गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं होतं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. औषध घातलं होतं म्हणून.

तुझी रॅकेट जागेवर आहे. धूळ मी पुसतो. दर रविवारी हॉलमध्ये जातो. कापडवाला हल्ली नेटला चिकटून खेळतो आणि आपल्याला कळत नाही असं त्याला वाटतं. पोस्टातल्या बाईंची सर्व्हिस अजून तशीच, हातात वाटी घेऊन दाणे टाकल्यासारखी. सगळे विचारतात, मास्तर कधी येणार? मी सांगतो, त्याला आतून उलटा केलाय, सुलटा झाला की येईल.

तू तिथे नीट व्यायाम कर. आणि पोराला शिव्या घालू नकोस, त्याने पट्ट्या लावल्या नसत्या तर तू पहिल्याच दिवशी उंबऱ्याला अडखळून दुसरा खांदा मोडला असतास. तुझे पाय कोर्टावर कधी जमिनीकडे बघत होते?

हिने तुला विचारलंय. ‘त्यांना म्हणावं आता तरी बसा गप्प’ असंही सांगितलंय. तिचं तुला माहीत आहे. इतक्या वर्षांत बाई हॉलची पायरी चढली नाही. बॅडमिंटनला ती सवत म्हणते.

चष्मेवाला

६ मे

प्रिय चष्म्या,

मध्ये बरेच दिवस गेले. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. इथे घडू दिलंच जात नाही.

झोळी गेली. आता फिजिओच्या बाई येतात. स्वभावाने गोड, पण काव्याचा गंध नाही. हात वर नेताना त्या म्हणतात, ‘आजोबा, एक, दोन, तीन मोजा.’ मोजण्याने माझा हात उठत नाही, चष्म्या, जन्मभर नाही उठला. मी भुजंगप्रयातात उचलतो. यमाता, यमाता, यमाता, यमाता. लघूला निघायचं, दोन्ही गुरूंना सावकाश वर, आणि चरणाच्या शेवटी थांबायचं. वर्गात पोरांना टेबलावर ठोके देऊन शिकवायचो तसंच. बाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, ‘हे कसला तरी मंत्र म्हणतात का?’

हात आता कानापर्यंत जातो. छान जातो. वर, डोक्यावरसुद्धा जाईल, पण मला सोडतंय कोण? परवा घरात कुणी नव्हतं. मी नातीची जुनी रॅकेट काढली आणि खोलीतच एक फूल उडवलं. काय सांगू, तोच आवाज! ‘ट’, मग जागा… आणि ‘प्प’च्या जागी टेबलावरच्या दिव्याची काच. चिरंजीव आले, बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. केरसुणी घेतली आणि वाकून सगळे तुकडे गोळा केले, मग हातानेसुद्धा चाचपून पाहिलं की एखादा राहिला तर नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून रॅकेट दिसेनाशी झालीय.

बाहेर जायचं नाव काढलं की ‘बघू, बाबा’. ‘बघू’ या शब्दाला कुलूप असतं हे मला या घरात कळलं. सकाळी ती दोघं कामाला जातात, नात वसतिगृहात. मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

तू मात्र खेळत राहा. माझ्या वाटणीचं पण.

मास्तर

१४ मे

मास्तर,

दिव्याचं वाईट वाटलं. दिवा आणि तू एका खोलीत असताना दिवाच जाणार.

आता कामाचं. हंगामाचा पहिला रविवार यंदा ऑगस्टच्या मध्यावरच ठेवलाय. नियम तुला सांगायला नको, तूच तो फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला होतास. त्या दिवशी प्रत्येक जोडीने एकत्र उभं राहून एक तरी पॉइंट खेळायचा. जी जोडी उभी राहत नाही ती फुटली. दोघांची नावं चिठ्ठ्यांच्या डब्यात, आणि डबा देईल तो जोडीदार. गेल्या वर्षी आपण उभे होतो. त्याच्या आधीही. कधी चुकलो नाही. तुझ्या लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तू मांडवातून पळून आला होतास, गळ्यात हार होता.

मला कापडवाल्याबरोबर खेळायला लावू नकोस. तो पॉइंट गेला की सुस्कारा सोडतो, आणि त्याच्या सुस्काऱ्याला लसणाचा वास येतो.

एक पॉइंट. जिंकायचाही नाही. तू ये, उभा राहा, मी सर्व्हिस करतो, ती नेटमध्ये मारतो, झाला पॉइंट. तुझ्या पोराला मी पत्र लिहू का? वडील माणसाचं ऐकेल.

चष्मेवाला

२ जुलै

प्रिय चष्म्या,

चिरंजीवांना पत्र लिहू नकोस. हात जोडून सांगतो (डावा पुरता, उजवा अर्धा). त्यांच्या डोक्याला आधीच खूप ताप आहे, आणि तुझं पत्र म्हणजे तेलात पाणी. शिवाय डॉक्टरांचंही अजून ‘नाही’च आहे. घाई करू नका म्हणतात.

मला इथला दिनक्रम पाठ झालाय. सकाळी समोरच्या इमारतीतला माणूस गॅलरीत येतो, कपडे झटकतो, माझ्याकडे बघतो. पहिल्यांदा हात हलवायचा. हल्ली हलवत नाही. मी त्याच्या गॅलरीतल्या सामानाचा भाग झालोय. दुपारी पाणी सुटतं तेव्हा नळ घुमतात. संध्याकाळी सूनबाई येते, विचारते, ‘बाबा, आज कुठे फिरून आलात का?’ मी म्हणतो, ‘हो, खोलीभर.’ ती हसते. मीही हसतो. मग दोघंही हसायचं थांबतो.

पहिल्या रविवारचं पुढे बघू.

पाहिलंस? आता मीही ‘बघू’ म्हणायला लागलो. कैदी शेवटी पहारेकऱ्याची भाषा बोलतो.

तू तुझ्या खेळाबद्दल काही लिहीत नाहीस. कोण काय करतं ते लिहितोस, तुझा ड्रॉप कसा पडतो ते नाही. तेवढं लिही. तोच वाचून दिवस काढीन.

मास्तर

२७ जुलै

ती. काकांना सप्रेम नमस्कार.

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, म्हणून आधी ओळख देते. मी तुमच्या मास्तरांची सून. तुमचा पत्ता बाबांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला. त्यांना न सांगता लिहिते आहे, रागावू नका.

मला एवढंच विचारायचं होतं की हॉलच्या लाकडी जमिनीचं काम कधी पुरं होणार? बाबा म्हणतात की तुम्ही कळवलंय, सगळ्या फळ्या उखडून नवीन बसवताहेत आणि निदान हिवाळ्यापर्यंत हॉल बंद. ते ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं. कारण डॉक्टरांनी जूनच्या सुरुवातीलाच सांगितलं, हलकं डबल्स खेळा, फक्त डोक्यावरून जोराचे फटके नकोत. आम्ही इतके खूश झालो! हे तर म्हणाले, ‘बाबा, शनिवारी निघू, गाडीने नेतो, रविवारी खेळा, सोमवारी परत.’ बुटांची जोडीही नवी आणली, खाली न घसरणारी. तेव्हा बाबांनी हॉलचं सांगितलं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात ह्यांनी त्यांना सरावासाठी इथल्या जवळच्या क्लबात नेलं होतं. तिथून आल्यापासून बाबा फार गप्प आहेत. काय झालं ते हेही सांगत नाहीत. दाराची एक किल्ली मी त्यांच्या टेबलावर ठेवली आहे, कधीही जावं-यावं म्हणून. ती ठेवली तिथेच असते. मी रोज टेबल पुसताना ती उचलते आणि परत ठेवते.

दिवा फुटला तेव्हा हे रात्री मला म्हणाले, ‘बाबांनी मारला ना फटका, म्हणजे हात चालतोय.’ आनंदाने म्हणाले, काका. पण तोंडावर बोलणं ह्यांना जमत नाही. म्हणून रॅकेटला नवीन तार लावायला दिली. ती तयार होऊन कपाटात पडली आहे. बाबांनी विचारलीच नाही.

तर हॉल लवकर सुरू होईल असं काही करता आलं तर बघा. काकूंना नमस्कार.

आपली,
सूनबाई

१ ऑगस्ट

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बरं केलंस लिहिलंस.

हॉलच्या जमिनीचं काम पुरं झालं. कारागीर भलते चपळ निघाले. फळी न् फळी नवी. एवढ्या लवकर होईल असं तुझ्या सासऱ्यालाही वाटलं नसेल. त्याला ही आनंदाची बातमी तूच दे, सगळे जेवायला बसले असताना दे, आणि त्याचा चेहरा कसा होतो ते नीट बघून ठेव.

पहिला रविवार सतरा ऑगस्टला आहे. नवऱ्याला सांग, गाडीत हवा भरून ठेव.

तुझा,
चष्मेवाला काका

१३ ऑगस्ट

चष्म्या, अरे दुष्टा,

काय केलंस हे? जेवताना सूनबाईने वाटीत आमटी वाढता वाढता सांगितलं, ‘बाबा, हॉलची जमीन झाली! काकांचं पत्र आलंय!’ आणि चिरंजीवांनी घास हातात तसाच धरून रजेचं गणित मांडलं. शनिवारची दुपार, रविवारचा अख्खा दिवस. त्यांच्या चेहऱ्यावर इतका उजेड मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मग उठून कपाटातून नातीची ती रॅकेट आणली. नवी तार. बोटाने वाजवून दाखवली. मला ठसका लागला, तर तिघांनी मिळून माझी पाठ थोपटली. तिघांनी, कारण नात सुटीला आलीय. सगळं घर माझ्या सुटकेसाठी कामाला लागलंय आणि मला पळायला जागा उरलेली नाही.

तुला सगळं कळलं आहे, आणि तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तेव्हा आता मीच सांगतो.

इथल्या क्लबात चिरंजीवांनी नेलं होतं. स्वच्छ हॉल, हिरवी जमीन, डोळे दिपतील असे दिवे. समोर एक मुलगी होती, कॉलेजातली असेल. तिने उंच फूल टाकलं. मला ते दिसलं, चष्म्या. अगदी आपल्या जुन्या दिवसांसारखं, दिव्यातून खाली येताना पिसं फिरताना दिसली. मी मागे सरलो, पाय बरोबर पडले, शरीराने सगळं ओळखलं. यमाता, यमाता… आणि हात कानापाशी येऊन थांबला. चरण तिथेच तुटला. फूल माझ्या टाळूवर पडलं.

कुणी हसलं नाही. ती मुलगी ‘सॉरी आजोबा’ म्हणाली. आणि पुढचं फूल तिने कमरेच्या उंचीवर, हळूच, माझ्या रॅकेटवर आणून ठेवल्यासारखं टाकलं. लहान मुलाला घास भरवतात ना, तसं. मी ते परत केलं. तिने पुन्हा तसंच दिलं. दहा मिनिटं ती मला भरवत होती आणि चिरंजीव बाकावर बसून टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर मी ठरवलं की जमीन उखडलेली बरी. तुझ्याकडे लिहिलं की मुलगा सोडत नाही, मुलाला सांगितलं की हॉल बंद आहे. दोन्हीकडून दार लागलं आणि मी मधे निवांत बसलो. अरे, कुणीतरी कोंडून ठेवलंय असं म्हणता आलं की फार सोपं असतं. कविता करता येते. किल्ली समोर टेबलावर पडलेली असली की तोंडातून ओळ फुटत नाही.

मला स्मॅश मारता येणार नाही. कधीच नाही. आणि स्मॅश नाही तर मी मागे उभा राहून करू काय? तू पुढे जाळीपाशी एकटा फुलं अडवणार आणि मी मागे खांबासारखा. त्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, कापडवाल्याच्या सुस्काऱ्यासमोर. त्यापेक्षा जोडी डब्यात जाऊ दे. तुझ्यात अजून खेळ आहे. तुला चांगला जोडीदार मिळेल, पोस्टातल्या बाई घे, त्यांची सर्व्हिस कशीही असो, हात वर जातो. रविवारी मी येणार नाही. शनिवारी सकाळी मी चिरंजीवांना सांगेन की खांद्यात कळ येतेय. ते लगेच मानतील. धोक्यावर त्यांचा विश्वास पटकन बसतो.

तू रागावशील. रागाव. पण त्या

बेल वाजली. घरात कुणी नाही. नात मैत्रिणीकडे गेलीय, सूनबाईला यायला अजून वेळ आहे. थांब.

चष्म्या,

दारात वहिनी आहेत. तुझी बायको. भिंतीला टेकून, पदराने कपाळ पुसत.

‘वहिनी, तुम्ही? एकट्या?’

‘एकटी कशाला येऊ? बसनं आलोय दोघं. ते खाली आहेत, दुकानापुढच्या बाकावर. तीन मजले त्यांच्यानं होत नाहीत. पाणी द्या आधी.’

मी पाणी दिलं. डाव्या हाताने.

‘होत नाहीत म्हणजे?’

‘गुडघा गेलाय त्यांचा. तुम्ही तिकडं इस्पितळात गेलात त्याच्या आधीपासून कुरकुरत होता, तुम्हाला कळू दिलं नाही. एक फूल मारलं नाही त्यांनी यंदा. दर रविवारी बूट घालून जातात, बाकावर बसतात आणि परत येतात. मी म्हटलं, लिहा मास्तरांना. तर म्हणे, तो बिचारा कोंडून घातलाय, माझ्या खेळावर जगतोय, त्याला कसं सांगू.’

वहिनींनी दुसरा पेला मागितला, तोही संपवला.

‘एकाचा हात वर जाईना, एकाचा पाय पुढं पडेना,’ त्या म्हणाल्या. ‘दोघं मिळून एक धड माणूस होतोय. एका पॉइंटाला तेवढा पुरे. मी स्वतः बघायला येणार आहे रविवारी, काय असतं ते एवढं त्या हॉलात.’

त्या आता माझ्या खुर्चीत बसून दम घेताहेत आणि मी उभ्यानेच हे खरडतोय, कारण तुला काय सांगावं ते मला सुचत नाहीये आणि लिहिताना नेहमी काहीतरी सुचतं. वहिनींनी पेला खाली ठेवला. विचारताहेत, कुणाला एवढं लिहिताय?

म्हटलं, त्यालाच.

त्यांनी सुनेने नवे आणलेले बूट कोपऱ्यातून पायाने माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, ‘अहो, तो माणूस खाली उन्हात बसलाय, आणि तुम्ही त्याला पत्र लिहिताय?’